पहिला रोल स्वतःच्या हाताने: फिल्मवर फोटो काढू पाहणाऱ्यांसाठी

फिल्मवर फोटो काढायला शिकू पाहणारे बहुतेक जण सर्वांत आधी कोणता कॅमेरा घ्यावा हे विचारतात. माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: रोल धुणार कोण? रोल लॅबमध्ये टाकला आणि त्याच्या स्कॅन केलेल्या फायली मोबाइलवर मागवल्या, तर हाती येणारे चित्र शेवटी डिजिटलच असते, आणि तशी दाणेदार छटा मोबाइलमधले एखादे ॲपही फुकट देते. फिल्मची ओढ मला त्या छटेत फारशी दिसत नाही. खटका दाबणे आणि चित्र पाहणे यांच्यामध्ये काही दिवसांचे, कधी काही आठवड्यांचे अंतर पडते, आणि त्या अंतरात हाताने करायची जी कामे असतात, त्यांत ती ओढ आहे. म्हणून या लेखात एक कृष्णधवल रोल विकत घेण्यापासून त्याच्या निगेटिव्ह वाळून कपाटात जाईपर्यंतची सगळी कामे स्वतः कशी करावीत, एवढेच सांगितले आहे.

हे अंतर का पडते, हे आधी समजून घ्यावे. फिल्मवर जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. शटर उघडते तेव्हा ज्या स्फटिकांवर प्रकाश पडतो त्यांत चांदीचे मोजके अणू मोकळे होतात, पण डोळ्यांना काहीही दिसत नाही. चित्र तयार झालेले असते, मात्र ते सुप्त असते. डेव्हलपर हे रसायन नेमके तेच प्रकाश लागलेले स्फटिक ओळखून त्यांचे काळ्या धातुरूप चांदीत रूपांतर करते, आणि उरलेले स्फटिक हायपो हे दुसरे रसायन विरघळवून टाकते. जॉन हर्शेल यांनी १८१९ साली हायपोचा हा गुण नोंदवला आणि १८३९ मध्ये तो छायाचित्र कायम करण्यासाठी सुचवला. आज तुमच्या न्हाणीघरात घडणार आहे ते मुळात तेच आहे.

सुरुवात रंगीत रोलने करू नये. रंगीत निगेटिव्हच्या डेव्हलपरला ३७.८ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि त्यात थोडाही फरक पडला तर रंग बिघडतात. कृष्णधवल फिल्म २० अंशांवर धुतली जाते, एखाद्या अंशाचा फरक वेळ बदलून सांभाळून घेता येतो, आणि चुकले तरी काहीतरी दिसण्याजोगे हाती लागते.

कॅमेरा

घरच्या कपाटात आधी पाहावे. आपल्याकडे असंख्य घरांत यशिका एमएफ-२ किंवा आग्फा क्लिक-३ पडलेला असतो. यशिकाचा फोकस ठरलेला असल्यामुळे त्यावर शिकण्यासारखे थोडे आहे, पण पहिला रोल चालवून पाहायला तो पुरेसा आहे. आग्फाला रुंद १२० चा रोल लागतो आणि त्यावर १२ चौकोनी फोटो येतात. हा रोल आजही बनतो, मात्र पहिल्याच खेपेला तो धुणे थोडे अवघड जाते.

विकत घ्यायचाच असेल तर पूर्णपणे यांत्रिक शटर असलेला ३५ मिमीचा एसएलआर, म्हणजे लेन्समधून दिसणारे चित्रच पाहून फोटो काढायचा कॅमेरा, घ्यावा. १९७६ ते १९९७ अशी दोन दशके बनलेला पेंटॅक्स के१००० किंवा १९८२ चा निकॉन एफएम२ यांची बॅटरी फक्त प्रकाशमापकासाठी असते. ती संपली तरी शटर चालते. त्याच काळातला कॅनन एई-१ दिसायला देखणा आहे, पण बॅटरीशिवाय त्याचे शटर उघडत नाही. मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार आणि चोरबाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, अशा ठिकाणी हे कॅमेरे हातात घेऊन पाहता येतात, आणि हातात घेतल्याशिवाय जुना कॅमेरा विकत घेऊच नये.

पाहायचे ते असे. मागचे झाकण उघडून कॅमेरा उजेडाकडे धरावा, शटरचा वेग एक सेकंदावर ठेवून खटका दाबावा आणि मनात ‘एक हजार एक’ म्हणावे. पडदा तेवढ्यात मिटला पाहिजे. नंतर सर्वांत जलद वेगावर तेच करावे. प्रकाशाची नुसती चुणूक दिसली पाहिजे. लेन्स काढून तिच्यातून मोबाइलचा टॉर्च आरपार पाहावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसले तर ती बुरशी आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती हमखास होते, आणि कितीही स्वस्तात मिळत असली तरी अशी लेन्स घेऊ नये. झाकणाच्या खाचांतला काळा स्पंज बोटाला डांबरासारखा चिकटत असेल तर घाबरू नये. त्या जागी काळी लोकर बसवण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे.

रोल निवडणे आणि भरणे

पहिल्या रोलसाठी आयएसओ ४०० ची फिल्म घ्यावी. आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे याचा आकडा. इंग्लंडमध्ये मोबर्ली येथे बनणारी इलफर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅकची ट्राय-एक्स, दोन्ही चुका पोटात घालणाऱ्या आहेत. एके काळी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्मही दुकानात मिळत असे. आता आपण आयातीवर अवलंबून आहोत, आणि रोल, रसायने असे सगळे धरले तर एक फोटो साधारण तीस-पस्तीस रुपयांना पडतो. ही किंमत मनात असणे वाईट नाही. बाजारात काही स्वस्त रोल सिनेमाच्या फिल्ममधून कापून भरलेले असतात. त्यांतल्या ज्यांच्या पाठीवर काजळीसारखा काळा थर असतो ते रोल नेहमीच्या रंगीत लॅबमध्ये देऊ नयेत, कारण तो थर सुटून लॅबची रसायने खराब करतो.

रोल सावलीत भरावा. फिल्मचे टोक उजवीकडच्या चकतीच्या खाचेत अडकवून दोन्ही कडांची भोके दात्यांवर नीट बसली आहेत याची खात्री करावी, मग झाकण लावावे, आणि आयएसओची चकती ४०० वर आणावी, जी गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. डावीकडची गुंडाळण्याची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून फिल्मचा सैलपणा काढावा. आता फिल्म पुढे सरकवणारी तरफ ओढताना त्या डाव्या कळीकडे पाहावे. ती फिरत असेल तर फिल्म सरकते आहे. ती स्थिर असेल तर आत फिल्म जागच्या जागी आहे आणि तुम्ही हवेचे फोटो काढता आहात. मी माझ्या पहिल्या रोलवर असे ३६ फोटो काढले. त्यांतले काही चांगलेच आले असते, असे मला आजही वाटते.

प्रकाश मोजणे

प्रकाशमापक चालत असला तरी पहिला रोल डोळ्यांनी मोजून काढावा, असा माझा आग्रह आहे. नियम साधा आहे: स्वच्छ उन्हात, सावल्यांच्या कडा धारदार असताना, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे भोक, एफ/१६ वर ठेवावे (आकडा लहान तितके भोक मोठे) आणि शटरचा वेग आयएसओच्या आकड्याजवळचा, म्हणजे ४०० साठी १/५०० सेकंद. तोच वेग ठेवून सावल्या मऊ झाल्या की एफ/११, जेमतेम दिसू लागल्या की एफ/८, आषाढातल्यासारखे आभाळ भरून सावली नाहीशी झाली की एफ/५.६, आणि झाडाखाली किंवा घराच्या ओसरीत एफ/४. म्हणजे आभाळ पाहायची गरज नाही, जमिनीवरच्या सावल्या पाहायच्या. चार दिवस कॅमेरा न घेताच रस्त्याने चालताना हा हिशेब मनात करत राहावा, तो आपोआप बसतो.

शंका आली तर निगेटिव्ह फिल्मला प्रकाश थोडा जास्त द्यावा, कमी देऊ नये. हे डिजिटलच्या उलटे आहे. डिजिटलमध्ये जास्त उजळलेला पांढरा भाग कायमचा जातो. फिल्मवर ज्या सावलीच्या भागाला प्रकाश पुरेसा मिळाला नाही तिथे चांदीच तयार होत नाही, आणि नसलेली चांदी नंतर कोणालाही आणता येत नाही. दारात उभ्या असलेल्या आजीचा फोटो अंगणातल्या उजेडावरून मोजला तर दार सुंदर येईल आणि आजी काळी ठिक्कर. मोजायचा तो तिच्या चेहऱ्यावरचा उजेड.

खिशात एक छोटी वही ठेवावी आणि प्रत्येक फोटोचा क्रमांक, ॲपर्चर, शटर, उजेड कसा होता आणि तुम्हाला काय दिसेल असे वाटले, हे लिहावे. शेवटची नोंद लोक टाळतात, आणि माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी तीच ठरते, कारण दोन आठवड्यांनी निगेटिव्ह हातात येते तेव्हा तुम्ही काय पाहिले होते हे तुम्ही विसरलेले असता, आणि मग आलेले चित्रच आपल्याला हवे होते अशी स्वतःची समजूत घालणे फार सोपे असते. डिजिटल कॅमेऱ्यात ही वही निरर्थक आहे, कारण तिथे चित्र लगेच दिसते आणि अंदाज चुकला हे कळायच्या आत दुसरा फोटो निघालेला असतो.

रोल संपला की तरफ अडते. जोर लावू नये. कॅमेऱ्याच्या तळाचे बटण दाबून डावी कळ फिरवत फिल्म डबीत परत गुंडाळावी. शेवटी टोक सुटल्याचा हलका झटका जाणवतो. तिथेच थांबले तर टोक बाहेर राहते आणि डबी फोडायची गरज उरत नाही, पण मग ते टोक लगेच दुमडून ठेवावे. न दुमडलेला वापरलेला रोल अगदी नव्यासारखा दिसतो. या चुकीमुळे माझ्याकडच्या एका लग्नाच्या पंगतीत गुहागरचा समुद्र शिरलेला आहे.

सामान आणि रसायने

सामान फार लागत नाही: उजेड आत न जाणारी डेव्हलपिंग टँक आणि फिल्म गुंडाळून तिच्यात ठेवायची चकती, दोन बाह्या असलेली काळी पिशवी, अर्ध्या अंशापर्यंत वाचता येणारा थर्मामीटर, मोजपात्रे, तीन-चार गडद बाटल्या, कात्री आणि घड्याळ. डार्करूमची गरज नाही. फिल्म पिशवीत टँकमध्ये गेली की पुढचे सगळे काम दिव्याखाली होते. स्वयंपाकघरातले एकही भांडे यासाठी घेऊ नये, आणि घेतलेच तर ते पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ देऊ नये.

डेव्हलपर म्हणून कोडॅकचा डी-७६ किंवा त्याच कृतीचा इलफर्ड आयडी-११ घ्यावा. तयार पाकीट मिळाले नाही तरी अडत नाही, कारण डी-७६ ची कृती जुनी आणि सर्वांना खुली आहे: एक लिटर द्रावणासाठी मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, २ ग्रॅम. ५० अंशांच्या पाऊण लिटर पाण्यात चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावर उरलेले सल्फाइट, मग हायड्रोक्विनोन आणि शेवटी टाकणखार, असा क्रम ठेवावा आणि नंतर पाणी घालून एक लिटर करावे. हातमोजे घालावेत, मेटॉलने काहींच्या त्वचेला खाज सुटते. खिडकी उघडी असावी. द्रावण एक रात्र ठेवून दुसऱ्या दिवशी वापरावे.

डेव्हलपर थांबवण्यासाठी स्टॉप बाथ मिळते, पण साध्या पाण्याने दोनदा खळबळून घेतले तरी चालते. तिसरे रसायन हायपो, म्हणजेच फिक्सर. त्याचा वेळ किती, हे बाटलीवर वाचण्यापेक्षा स्वतः काढावे: रोलच्या टोकाचा कापलेला तुकडा हायपोत टाकायचा, त्याचा दुधट रंग जाऊन तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते पाहायचे, आणि त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्यायचा.

टँक भरणे

सगळ्या कामात नवख्याचा घाम काढणारा भाग हाच, आणि तो शब्दशः काढतो. एक जुना किंवा वाया गेलेला रोल मिळवून आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग पिशवीत, असा दहा वेळा सराव करावा. चकतीच्या तोंडात फिल्म घालून दोन्ही हात आलटूनपालटून पुढे-मागे फिरवले की ती आत सरकत जाते. फिल्मच्या टोकाचे दोन कोपरे कात्रीने किंचित गोल केले तर ती अडकत नाही.

चकती पूर्ण कोरडी हवी. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्यानेही फिल्म चिकटते, त्यामुळे चकती आधी हेअर ड्रायरने सुकवावी आणि हे काम पहाटेच्या गारव्यात करावे. फिल्म अडकली तर ओढू नये. ती टँकमध्ये तशीच टाकून झाकण लावावे, हात बाहेर काढून पुसावेत, दहा मिनिटे चहा प्यावा आणि मग पुन्हा सुरुवात करावी. पिशवीत घामेजलेल्या हातांनी केलेली झटापट फिल्मवर बोटांचे ठसे आणि अर्धचंद्रासारख्या घड्या ठेवून जाते, आणि त्या प्रत्येक फोटोत दिसतात.

धुणे

एचपी५ प्लससाठी इलफर्डने दिलेला वेळ २० अंशांवर आयडी-११ च्या मूळ द्रावणात साडेसात मिनिटे आणि तेवढ्याच पाण्याने पातळ केलेल्या द्रावणात १३ मिनिटे असा आहे. आपल्याकडे पातळ द्रावणच वापरावे. कारण तापमान: एप्रिल-मे महिन्यांत नळाचे पाणीच तिशीला टेकते, आणि तापमान वाढले की वेळ कमी करावा लागतो. २४ अंशांवर तो जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. मूळ द्रावणाचे साडेसात मिनिटे मग सव्वापाचवर येतात, आणि पाच मिनिटांच्या खाली गेले की रसायन फिल्मवर सारखे पसरत नाही, डाग पडतात. पातळ द्रावणात मात्र २४ अंशांवरही नऊ मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो. बाटल्या आणि टँक पसरट टबात ठेवून त्यात बर्फाच्या पिशव्या सोडल्या की २४ अंश मुंबईतही साधता येतात. बर्फ थेट रसायनात टाकू नये.

एका ३५ मिमी रोलला टँकमध्ये सुमारे ३०० मिलिलिटर द्रावण लागते, म्हणजे १५० मिलिलिटर डेव्हलपर आणि १५० मिलिलिटर पाणी. ते ओतून घड्याळ लावावे. पहिल्या दहा सेकंदांत टँक चार वेळा उलटी-सुलटी करावी, टबावर हलकेच आपटून बुडबुडे सोडवावेत, आणि त्यानंतर दर मिनिटाच्या पहिल्या दहा सेकंदांत पुन्हा चार वेळा उलटावी. पहिल्या रोलला उत्साहाच्या भरात टँक सतत हलवत राहण्याचा मोह होतो. तसे केले तर काळे-पांढरे भाग टोकाचे होतात आणि मधल्या करड्या छटा हरवतात. ठरलेल्या वेळेच्या दहा-पंधरा सेकंद आधी ओतायला सुरुवात करावी. पातळ केलेला डेव्हलपर एकदाच वापरून टाकून द्यावा. मग पाण्याने दोनदा खळबळणे, मग हायपो. हायपोचा अर्धा वेळ झाला की झाकण उघडून पाहायला हरकत नाही, आणि कोणीही थांबत नाही.

शेवटची धुलाई वाहत्या नळाखाली करण्याचा जुना प्रघात आहे. पाण्याची टंचाई असलेल्या गावांत इलफर्डची पद्धत वापरावी: टँक पाण्याने भरून पाच वेळा उलटावी, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. एका लिटरच्या आत काम होते. बोअरच्या जड पाण्याने वाळताना पांढरे डाग पडतात, म्हणून शेवटचे एक मिनिट बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यात फिल्म बुडवावी. पंखा बंद केलेल्या न्हाणीघरात, गरम पाण्याची वाफ आधी धरून धूळ खाली बसल्यावर, ती दोरीला चिमट्याने टांगावी आणि खालच्या टोकालाही चिमटा लावावा.

वापरलेला हायपो मात्र मोरीत ओतू नये, त्यात तुमच्या फोटोंची चांदी विरघळलेली असते. एक्स-रे विभागांतून असा हायपो चांदीसाठी विकला जात असे. तो वेगळ्या डब्यात साठवावा आणि जवळच्या एक्स-रे केंद्रात तो घेतात का, हे विचारावे.

निगेटिव्ह वाचणे

फिल्म वाळल्यावर तिच्या कडेला पाहावे. फिल्मचे नाव आणि फोटोंचे क्रमांक कारखान्यातच प्रकाशाने छापलेले असतात, त्यामुळे तुमचा कॅमेरा त्यांना बिघडवू शकत नाही. ती अक्षरे ठळक काळी आहेत आणि चौकटी फिक्या, तर धुणे बरोबर झाले आणि प्रकाश कमी पडला. अक्षरेही फिकी असतील तर डेव्हलपर अशक्त, थंड किंवा कमी वेळ होता. अक्षरे आहेत आणि एकही चौकट नाही, तर कॅमेऱ्यात फिल्म सरकलीच नाही. अक्षरेही नाहीत, फिल्म काचेसारखी कोरी आहे, तर हायपो आधी ओतला गेला. बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत नावे लिहावीत. फिल्म दुधट दिसत असेल तर ती अजून काही मिनिटे हायपोत घालून पुन्हा धुवावी, एवढाच एक दोष नंतर सुधारता येतो.

आता वही उघडून एकेका चौकटीशी नोंदी ताडून पाहाव्यात. हे काम निगेटिव्ह पाहूनच करावे, स्कॅन करण्याआधी, कारण स्कॅनर आणि संगणक तुमच्या चुका न सांगता दुरुस्त करून टाकतात. त्यानंतर पांढऱ्या पडद्याच्या टॅब्लेटवर, काचेपासून थोडी उचलून धरलेली फिल्म ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने तिचा फोटो घ्यावा आणि रंग उलटे करावेत. पुढे कधी एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हचे चित्र मोठे करून कागदावर पाडणारे यंत्र, मिळाला तर कागदावर प्रिंट काढता येतील.

सहा-सहा चौकटींच्या पट्ट्या कापून त्या निगेटिव्हच्या पारदर्शक पाकिटांत घालाव्यात, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात, आणि पुड्या जून ते सप्टेंबर दर महिन्याला बदलाव्यात. पाकिटावर तारीख, फिल्म, डेव्हलपर, तापमान आणि वेळ लिहावी, कोपऱ्यात ‘रोल १’ असा क्रमांक टाकावा, आणि वहीतली त्या रोलची पाने फाडून त्याच पाकिटात सरकवावीत.